फॉल्स सीलिंगआड गेलेला जोड : काटोल रोडवरील एका घरातील इन्सुलेटेड चिमणीचे प्रकरण

नागपुरात ‘चिमणी’ म्हटले की स्वयंपाकाच्या ओट्यावरची विजेची चिमणी डोळ्यांसमोर येते, म्हणून आधीच स्पष्ट करतो की या प्रकरणातली चिमणी ती नव्हे. लाकडावर चालणाऱ्या आणि खोली उबदार ठेवणाऱ्या बंद लोखंडी शेगडीचा धूर घराबाहेर नेणारे, स्टीलच्या दोन नळांच्या मध्ये खनिज लोकर भरलेले धुराडे, असे तिचे स्वरूप आहे. आमच्या उन्हाच्या गावात असे काम क्वचितच निघते. मात्र २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांपर्यंत गेलेला याच शहराचा पारा २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांवर उतरला होता, आणि शहराबाहेर, संत्र्याच्या बागांमधल्या मोकळ्या घरांत तर डिसेंबर-जानेवारीतली पहाट चांगलीच बोचते.

माझा व्यवसाय एअर डक्टचा आणि हॉटेलांच्या भटारखान्यातील एक्झॉस्टचा आहे, आणि हिंगणा एमआयडीसीत माझे छोटे वर्कशॉप आहे. काटोल रोडवरील एका शेतातल्या घराचे मालक सैन्यातून निवृत्त झालेले असून त्यांची अनेक वर्षे पहाडात गेली आहेत, त्यामुळे बुखारी, म्हणजे पहाडी भागातली खोली तापवणारी लोखंडी शेगडी, त्यांच्या परिचयाची होती. काकूंना संधिवाताचा त्रास असल्याने हिवाळ्यात एक तरी खोली उबदार राहावी, अशी त्यांची इच्छा होती. शेगडी आणि तिची चिमणी त्यांनी बाहेरून मागवली आणि बसवण्याचे काम मला दिले. त्या कामात आमच्या हातून दोन चुका राहिल्या. पहिली लवकर सापडली. आणि ती सापडल्यामुळेच दुसरी, जी खरोखर घातक होती, तिच्याकडे माझे सुमारे तीन आठवडे दुर्लक्ष झाले. हे सविस्तर लिहिण्याचे कारण तेच आहे.

मांडणी

शेगडी सात किलोवॅटची होती. चिमणीच्या आतल्या नळाचा व्यास १५० मिलिमीटर आणि बाहेरच्याचा २०० मिलिमीटर होता, म्हणजे दोहोंमध्ये २५ मिलिमीटर जाडीची लोकर होती. शेगडीच्या डोक्यावर ९५० मिलिमीटरचा एकपदरी काळा नळ, त्यावर इन्सुलेटेड नळाचे १००० मिलिमीटरचे तीन आणि ५०० मिलिमीटरचे दोन तुकडे आणि सर्वांत वर टोपी, असा क्रम ठरला होता. प्रत्येक तुकड्याचे ५० मिलिमीटर दुसऱ्यात जात असल्याने १००० चा तुकडा बसल्यावर ९५० च भरतो. हा हिशेब नकाशात बरोबर धरलेला होता. त्यानुसार पहिला इन्सुलेटेड जोड जमिनीपासून २.५५ मीटरवर, म्हणजे प्लायच्या फॉल्स सीलिंगच्या दहा सेंटिमीटर खाली, उघड्यावर येणार होता. आणि त्यानंतरचा जोड थेट गच्चीच्या वर निघणार होता. स्लॅब ३.०५ मीटरवर सुरू होत होता. फॉल्स सीलिंग आणि स्लॅब यांच्यामधल्या पोकळीत एकही जोड येऊ द्यायचा नाही, हा या कामातला मूलभूत नियम आहे, कारण भिंतीच्या, छताच्या किंवा सीलिंगच्या पोटात गेलेला जोड पुन्हा कोणाच्याही नजरेस पडत नाही.

शेगडी बसवण्याच्या दिवशी काकूंनी विचारले की लाकूड घालताना वाकावे लागू नये म्हणून शेगडी थोडी उंच करता येईल का. मागणी अगदी रास्त होती. मिस्त्रीने दुपारपर्यंत १५ सेंटिमीटर उंचीचा ग्रॅनाइटचा ओटा बांधून दिला, शेगडी त्यावर चढली आणि तिच्यासोबत चिमणीचा प्रत्येक जोड १५ सेंटिमीटर वर सरकला. २.५५ चा जोड २.७० वर गेला. सीलिंग २.६५ वर होते. नकाशा पुन्हा काढण्याचे कोणाच्याही लक्षात आले नाही, माझ्याही नाही. खालचा एकपदरी काळा नळ १५ सेंटिमीटर कापून आखूड केला असता तर सगळे जोड जागच्या जागी आले असते, आणि त्याला ग्राइंडरवर पंधरा मिनिटे लागली असती.

पहिली तक्रार

शेगडी दिवाळीनंतर सुरू झाली. डिसेंबरच्या मध्यास काकांनी गच्चीवरचा फोटो पाठवला. सर्वांत वरच्या जोडाला बाहेरून आवळणाऱ्या पट्ट्याखालून चकचकीत स्टीलवर चहाच्या रंगाचे ओघळ उतरले होते. खोलीत वासही येत असल्याचे त्यांनी कळवले होते.

ओघळांचे कारण गच्चीवर चढताच समजले. माल उतरवताना ५०० चा एक तुकडा कमी निघाला होता, आणि बदली तुकडा येईपर्यंत थांबण्याऐवजी मी तो आमच्याच वर्कशॉपमध्ये करून घेतला होता. आमच्या कारागिराचा हात डक्टवर तयार झालेला आहे. डक्टच्या कामात जोडाचे तोंड हवेच्या दिशेने ठेवतात, म्हणजे जिकडून हवा येते तो तुकडा पुढच्या तुकड्याच्या आत जातो. धूर खालून वर जातो, तेव्हा खालचा नळ वरच्यात गेला पाहिजे, असा विचार करून त्याने आतल्या नळाची कॉलर तशी बनवली. डक्टपुरता तो विचार बरोबर आहे. चिमणीत मात्र धूर वर जात असला तरी त्यातली वाफ आणि डांबर थंड होऊन आतल्या पत्र्यावरून खाली ओघळते, आणि म्हणून आतल्या नळांमध्ये वरचा तुकडा खालच्याच्या आत उतरला पाहिजे, म्हणजे ओघळ नळातच राहतो. बाहेरच्या नळाचा नियम याच्या उलट आहे. तिथे वरच्याने खालच्याला बाहेरून झाकायचे, म्हणजे पावसाचे पाणी लोकरीत शिरत नाही. कारखान्यातून आलेल्या तुकड्यावर वर दाखवणारा बाण असतो, तो या दोन्ही गोष्टी साधण्यासाठी. आमच्या तुकड्यावर बाण नव्हता, आणि एका बनावटीच्या चिमणीत दुसऱ्या बनावटीचा तुकडा घालणेच मुळात गैर होते. असा एक तुकडा घातला की त्या चिमणीच्या चाचण्यांवर आणि दर्ज्याच्या शिक्क्यावर विसंबता येत नाही, कारण त्या चाचण्या त्याच तुकड्यांच्या त्याच जोडांवर झालेल्या असतात.

ओघळ इतके दाट होण्याला लाकडाचाही हातभार होता. बागेतली जुनी संत्र्याची झाडे त्याच हंगामात काढली होती आणि तेच लाकूड शेगडीत जात होते. मधोमध चिरून मीटर लावले तर ओलावा ३१ टक्के भरला. तो २० टक्क्यांच्या आत हवा. ओले लाकूड जळते खरे, पण त्याची बरीचशी उष्णता स्वतःचे पाणी उडवण्यात खर्च होते, धूर थंड राहतो आणि डांबर अधिक धरते.

तुकडा बदलला आणि लाकूड चिरून, वरून झाकलेल्या पण बाजूंनी मोकळ्या शेडमध्ये रचायला सांगितले. खोलीतल्या वासाचे मूळही या वरच्या जोडातच असणार, असे मी गृहीत धरले. दिसलेल्या दोषाने न दिसलेल्या लक्षणाचे उत्तर दिले असे मानून मी परतलो. ही माझी स्वतःची चूक आहे, आणि कारागिराच्या कॉलरपेक्षा ती मोठी आहे, असे माझे मत आहे.

वास राहिला

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात काकांचा पुन्हा फोन आला. “भाऊ, धूर काही दिसत नाही, पण वर काहीतरी तापून राहिलं. धुराचा वास नाही हा, नव्या फर्निचरचा आहे.” तापलेल्या प्लायचा आणि त्यातल्या गोंदाचा वास त्यांनी नेमका ओळखला होता. मी त्याच संध्याकाळी गेलो.

कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची सूचना देणारे यंत्र त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होते आणि ते एकदाही वाजले नव्हते. पण ते न वाजणे म्हणजे गळती नसणे नव्हे. या यंत्रांचा युरोपीय दर्जा असा आहे की ३० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे ३० भाग) ती दोन तासांच्या आत वाजता कामा नयेत, ५० पीपीएमला ६० ते ९० मिनिटांत, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत वाजली पाहिजेत. यंत्राच्या स्मृतीतला सर्वोच्च आकडा मी काढून पाहिला, तो ३१ होता. म्हणजे केव्हातरी, बहुधा पहाटे, खोलीत वायू आला होता, पण यंत्राला बोलते करण्याइतका नाही.

पहाटेचाच संशय का, हे सांगणे आवश्यक आहे. चिमणी पेटती असताना तिच्यात ओढ असते, म्हणजे आतला दाब खोलीपेक्षा कमी असतो, आणि सैल जोडातून धूर बाहेर येण्याऐवजी खोलीतली हवाच आत खेचली जाते. त्यामुळे शेगडी जोरात पेटलेली असताना सैल जोड जवळपास गप्प असतो. साडेचार मीटर उंचीची चिमणी, बाहेर १० अंश आणि आत सरासरी २०० अंश असेल तर नागपूरच्या उंचीवर सुमारे २१ पास्कल (दाबाचे एकक) ओढ मिळते. तीच चिमणी आत शिरलेल्या थंड हवेने १२० अंशांवर आली तर ओढ १५ वर उतरते. अशा शेगडीला साधारण १२ लागते. रात्री निखारे उरले, हवेची झडप बंद केली आणि धुराडे निवत गेले की ओढ आणखी घटते, आणि नेमके निखारेच सर्वाधिक कार्बन मोनॉक्साइड देतात. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. घरातली माणसे त्या वेळी गाढ झोपेत असतात.

शेगडी तासभर नीट पेटवून मी सीलिंगजवळच्या स्टीलच्या झाकणपट्टीवर थर्मल गन धरली. आकडा आला ५१. जवळच्या माझ्या मुलाने सुटकेचा श्वास टाकला, पण चकचकीत पत्र्यावर थर्मल गन खोटे बोलते. ती येणाऱ्या उष्ण किरणांवरून तापमान काढते, आणि चकचकीत स्टील स्वतःची किरणे फारशी सोडत नाही, उलट खोलीचीच परतवते. काळ्या नळाला लावलेला, उष्णता सहन करणारा मॅट रंग डब्यात थोडा उरला होता. झाकणपट्टी सोडवून खाली सरकवली, काडीने नळावर रुपयाएवढे दोन ठिपके दिले, एक नळाच्या मध्यावर आणि एक हात वर घालून जोडाच्या पट्ट्याच्या मागच्या बाजूला, आणि ते वाळू दिले. मधला ठिपका ५६ अंश दाखवत होता आणि पट्ट्याचा ११८.

त्या पोकळीत टॉर्च धरली तेव्हा प्लायची कड दिसली. नळापासून चारही बाजूंनी ५० मिलिमीटर अंतर सोडून छिद्र कापायचे होते, परंतु नळ मध्यावर नव्हता, एका बाजूला अंतर जेमतेम २२ भरत होते, आणि तिथली कड बोटभर लांबीत तपकिरी झाली होती. अंगठ्याचे नख फिरवले तर भुगा सुटला, जळका नव्हे, पण भाजल्यासारखा कोरडा. लाकूड महिनोन्‌महिने असे तापत राहिले की हळूहळू कोळशाकडे झुकते, आणि सुरुवातीला ज्या उष्णतेला त्याला काही होत नव्हते त्याहून कमी उष्णतेला ते पेट घेऊ शकते. काकूंना ते दाखवताना मला शब्द सुचले नाहीत. शेगडी त्याच क्षणी विझवायला घेतली, राख बाहेर काढली आणि जोड उघडेपर्यंत ती पेटवायची नाही असे सांगितले.

जोडात काय होते

दुसऱ्या दिवशी गच्चीवरून चिमणी उतरवली. २.७० वरचा जोड उघडला तेव्हा वरच्या तुकड्याच्या आतल्या नळाच्या टोकाला वाहतुकीत बसलेला पोचा दिसला. अंगठा मावेल एवढ्या भागात कड आत दबलेली होती. आडवे-उभे व्यास मोजले तर पाच मिलिमीटरचा फरक निघाला. हीच दबलेली कड खालच्या नळाच्या तोंडावर अडकली होती, आणि तुकडा आठ मिलिमीटर वरच थांबला होता. त्यामुळे तीन गोष्टी घडल्या. पोचा असलेल्या जागी चंद्रकोरीसारखी फट राहिली. दोन्ही तुकड्यांतली लोकर एकमेकींना टेकली नाही, म्हणजे सभोवती आठ मिलिमीटरचे उघडे कडे उरले आणि पट्टा थेट तापू लागला. आणि पट्ट्याची खालची खाच मागच्या बाजूने बाहेरच्या नळाच्या उंचवट्यावर बसलीच नाही.

बसवणाऱ्या मुलाला मी विचारले. तो प्रामाणिक आहे. म्हणाला, “साहेब, टक्क आवाज आला ना, म्हणून बसला समजलो.” तो स्टुलावर उभा होता, हात प्लायच्या छिद्रातून वर गेलेले होते आणि पट्ट्याची कळ त्याच्या नजरेआड होती. आवाज खरोखर आला होता, पण कळ लागल्याचा. पट्टा बाहेरच्या नळांना एकत्र धरतो, धूर मात्र आतल्या नळातून जातो, आणि आतला नळ नीट बसला की नाही हे पट्ट्याच्या आवाजावरून कधीही कळत नाही. त्या मुलाला हे आधी कोणी शिकवले नव्हते. शिकवणे माझे काम होते.

आतल्या नळाचे पूर्ण बसणे आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. तीनशे अंशांनी तापल्यावर मीटरभर लांबीचा स्टीलचा नळ सुमारे पाच मिलिमीटरने वाढतो आणि निवल्यावर परत येतो. बाहेरचा नळ त्या मानाने फारच कमी हालतो. शेगडी पेटेल त्या प्रत्येक वेळी आतला जोड असा सरकत राहतो, आणि पहिल्या दिवशी अर्धवट बसलेला जोड महिन्याभराने आणखी सैल होण्याचीच शक्यता अधिक असते.

पुन्हा उभारणी

पोचा पडलेला तुकडा ठोकून गोल करण्याचा सल्ला एकाने दिला, तो मी मानला नाही, कारण ठोकलेली कड पुन्हा कुठेतरी पातळ होते. नवा तुकडा मागवला. तो येईपर्यंत चौदा दिवस काका-काकूंनी विजेच्या हीटरवर काढले, आणि त्याबद्दल एक शब्दही ऐकवला नाही. काळा नळ १५ सेंटिमीटर आखूड केला, म्हणजे जोड पुन्हा २.५५ वर, उघड्यावर आला. प्लायचे छिद्र कापून नळापासून चारही बाजूंनी ५० मिलिमीटरहून अधिक केले आणि त्याच्या काठाला भाजलेले लाकूड शिल्लक ठेवले नाही.

या वेळी प्रत्येक जोडासाठी आम्ही जे केले त्यात कसबापेक्षा संयम अधिक लागतो. तुकडा उचलण्यापूर्वी आतल्या नळाच्या टोकाचे दोन आडवे-उभे व्यास कॅलिपरने मोजले आणि एका मिलिमीटरहून अधिक फरक असेल तर तो तुकडा बाजूला ठेवायचे ठरवले. लोकर वाहतुकीत खाली बसलेली नाही ना, हे टोकाशी बोट दाबून पाहिले. मग तुकड्याच्या टोकापासून ५० मिलिमीटरवर मार्करने रेघ ओढली. तुकडा खालच्यात उतरवल्यावर ती रेघ सभोवती पूर्ण झाकली गेली तरच पट्टा लावला, आणि मागची बाजू आरसा धरून तपासली. पट्टा लावल्यावर दोन्ही हातांनी वर ओढून आणि पिळून पाहिले. त्यानंतर तारेवरचा छोटा कॅमेरा वरून आत सोडून जोड आतून पाहिला. असा कॅमेरा मोबाइलला जोडता येतो, आणि तो घेतल्यापासून मला तो नसताना आम्ही काम कसे करत होतो याचेच आश्चर्य वाटते. फोटो काढल्याशिवाय वरचा तुकडा चढवायचा नाही, असा नियम केला. इन्सुलेटेड नळाला एकही स्क्रू मारला नाही. एकपदरी काळ्या नळाच्या जोडावर तीन स्क्रू चालतात, पण दुपदरी नळात तोच स्क्रू आतला पत्रा भोकतो. गच्चीवरचा दोन मीटरहून अधिक उंच भाग जिन्याच्या खोलीच्या भिंतीला दोन ठिकाणी बांधला, म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटच्या वादळात जोडांवर ताण येणार नाही.

शेवटी दोन चाचण्या केल्या. शेगडी थंड असताना तिच्यात धुराची गोळी पेटवून, धूर वरून निघू लागल्यावर टोपीचे तोंड झाकले आणि घरातल्या आणि गच्चीवरच्या सगळ्या जोडांवरून टॉर्चचा झोत फिरवला. मग टोपी मोकळी करून शेगडी चांगली पेटवली आणि प्रत्येक जोडाभोवती उदबत्ती सावकाश फिरवली. सैल जोड असेल तर तिचा धूर आडवा होऊन आत खेचला जातो. तो सर्वत्र सरळ वर गेला. काळे ठिपके या वेळी प्रत्येक पट्ट्यावर दिले होते, आणि तासाभराने त्यांवरचे आकडे ५४ ते ६१ अंशांच्या दरम्यान आले.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत शेगडी रोज चालली. यंत्राची स्मृती पुसून आकडा शून्यावर आणला होता, तो महिन्याभराने पाहिला तेव्हाही शून्यच होता. संत्र्याचे लाकूड वैशाखाच्या उन्हात शेडमध्ये पडून राहिले आणि मेअखेरीस त्याचा ओलावा १४ टक्क्यांवर आला. जोडांचे सगळे फोटो, उंचीसह, एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून काकांनी शेगडीमागच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवले आहेत. ओट्याची उंची त्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहे.